20च्या रॉडला शून्य, 8च्या रॉडला बोंब

छोट्या लेथसाठी थ्री जॉ चक (तीन जबड्यांत, म्हणजे जॉमध्ये, रॉड पकडून फिरवणारा भाग) घ्यायला निघाला असाल, तर दुकानदाराने समोर डायल (रॉड फिरताना किती हलतो ते काट्यावर दाखवणारं साधन) लावून दाखवला म्हणून लगेच पैसे काढू नका. भोसरीतल्या एका दुकानात मला 100 मिमीचा चक 'नवा कोरा, बॉक्सपीस' म्हणून विकला. तेल चोपडलेला, मेणकागदात गुंडाळलेला, भाव नव्यापेक्षा जेमतेम चार-पाचशेने कमी. फार स्वस्त दिला असता तर कुणालाही वास आला असता. या लोकांना ते पक्कं कळतं.

शेठनी दुकानातल्याच लेथवर चक चढवला, खणातून 20 मिमीचा ग्राइंड केलेला रॉड काढला, डायल टेकवला. काटा हललाच नाही म्हणा ना. "बघा साहेब, एक घरसुद्धा नाही!"

माझं काम 8 मिमीच्या पितळी रॉडवर, नॉब आणि बारके बुश काढायचं. त्या रॉडला 0.20 मिमीचा आउट, म्हणजे फिरताना काटा तेवढा हलायचा. आधी संशय चक ज्यावर बसतो त्या बॅकप्लेटवर घेतला. ती पुसून फेस (चक टेकतो ती सपाट बाजू) आणि रजिस्टर (चकला मध्यात बसवणारी गोल कड) दोन्ही तपासले, तिथे काही नव्हतं. मग 20चा रॉड धरला आणि काटा पुन्हा गप्प! तेव्हा चक खोलला. स्क्रोल, म्हणजे जॉ आत-बाहेर सरकवणारी वळशांची चकती, मधल्या वळशांत चांगलाच झिजलेला. दोन जॉवर बॉडीचाच नंबर, तिसऱ्यावरचा घासून काढून हाताने पंच मारलेला. वर रंगाचा ताजा हात.

तिन्ही जॉ एकाच स्क्रोलवर सरकतात. स्क्रोल झिजला की सेंटर चुकतं, आणि प्रत्येक व्यासाला वेगळं चुकतं. कुणीतरी या जुन्या चकचे जॉ 20 मिमीच्या जागी ठेवून, चकमध्येच ग्राइंड केले होते. त्यामुळे तेवढ्याच मापाला शून्य. दुकानाच्या खणात नेमका 20चाच रॉड का होता, ते आता सांगायला नको.

म्हणून रॉड आपला न्यायचा. 6, 12, 25 मिमीच्या डॉवेल पिन (अचूक मापाच्या गोल पिना) किंवा एंड मिल कटरचे शँक, म्हणजे दांडे, चालतात. डायल जॉजवळ लावायचा आणि जेवढं लांब जाता येईल तेवढं लांब जाऊन पुन्हा लावायचा. लांबचं रीडिंग वाढत गेलं तर जॉ तोंडाशी फाकलेत असं समजा. रॉड धरून जॉच्या टोकाशी कागदाची पट्टी सरकवून पाहा, आत गेली तर चक तिथेच ठेवा. या मापाच्या साध्या नव्या चकला 0.05 ते 0.08 मिमी आउट असतोच. मला तर आता शून्य दाखवणाऱ्याचीच जास्त भीती वाटते.

चक परत न्यायला गेलो तर शेठ म्हणाले, "तुम्हीच खोललात ना? आता कसा घेणार?" ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार केली आहे. अडलंय बिलावर. त्यावर नुसतं 'लेथ ॲक्सेसरी, 1 नग' लिहिलंय, ना माप, ना नंबर. बारीक काम सध्या ईआर 32 कोलेटवर (रॉड सगळीकडून आवळणारी चिरा दिलेली नळी) चाललंय, आणि मोठं असेल तर चारही जॉ वेगवेगळे सरकणाऱ्या फोर जॉ चकमध्ये डायल लावून सेट करतो. वेळ जातो, पण तिथे काटा कुठे थांबवायचा ते माझ्या हातात असतं.