पडीक चहामळा घ्यायचा तर कुठे: शिझुओकाच्या डोंगरात की कागोशिमाच्या पठारावर?

तोक्योत स्थिरावलेल्या एखाद्या मराठी जोडप्याला वाटलं, की गावाकडे जाऊन चहाचा मळा खंडाने घ्यावा, तर त्यात वेडगळ काही नाही. मळे खरोखरच मोकळे पडलेत. 1980 च्या सुमारास जपानात चहाखाली 60 हजार हेक्टरांहून जास्त जमीन होती, 2023 मध्ये ती 36 हजारांच्या आसपास होती. चहा पिकवणारी घरं 2000 साली 50 हजारांवर होती, 2020 पर्यंत ती साधारण 12 हजारांवर आली. शिवाय एप्रिल 2023 पासून शेतजमीन घेण्यासाठीची किमान क्षेत्राची अट उठली आहे. मात्र आधी व्हिसा बघा. इंजिनिअरच्या व्हिसावर शेतीचा धंदा करता येत नाही, कायम निवासाचा परवाना असेल तर हा अडसर नाही.

तोक्योच्या नैऋत्येचा शिझुओका प्रांत म्हणजे जपानी चहाचं माहेरघर. त्यातही माकिनोहाराचं पठार वेगळं आणि नद्यांच्या वरच्या अंगाचे कावाने, होन्यामासारखे डोंगरी भाग वेगळे. पठार 1869 पासून सत्ता गेलेल्या तोकुगावा राजघराण्याच्या पदरच्या माजी सामुराईंनी लागवडीखाली आणलं. डोंगरात सकाळी धुकं असतं, दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असतो आणि पानाला सुगंध येतो. पण उतार इतका, की ज्यावर बसून खुडणी करतात ते यंत्र तिथे चढतच नाही. ओळीच्या दोन बाजूंना दोघांनी उभं राहून, खुडणीचं यंत्र मधे धरून चालायचं. बहुतेक ठिकाणी हे दोघं म्हणजे म्हातारा नवरा आणि म्हातारी बायको. एकाची कंबर गेली की मळा गेला. मग छाटणीविना झुडपं माणसापेक्षा उंच होतात, वेली चढतात, शेजारचा बांबू आत शिरतो, रानडुकरं येतात.

पडत्या भावानेही डोंगराला मारलं. 1985 मध्ये डब्यातला आणि 1990 मध्ये बाटलीतला तयार, थेट प्यायचा हिरवा चहा आला. घरातली छोटी किटली हळूहळू फडताळात गेली. बाटलीला स्वस्त पान पुरतं, आणि डोंगरातल्या पहिल्या खुडणीचं महागडं पान घेणारी गिऱ्हाइकं कमी झाली.

जपानच्या दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरच्या कागोशिमात चित्र उलटं आहे. चिरानच्या आसपास ज्वालामुखीच्या राखेची सपाट जमीन, लांबच लांब ओळी, एकटा माणूस यंत्रावर बसून खुडणी उरकतो. हवा उबदार, म्हणून हंगाम एप्रिलमध्येच सुरू होतो आणि वर्षातून चार वेळाही खुडणी होते. साकुराजिमा या ज्वालामुखीची राख पडली की पानं धुवावी लागतात, तेवढा जास्तीचा त्रास. 2024 मध्ये कच्च्या (अंतिम प्रक्रियेआधीच्या) चहाच्या उत्पादनात कागोशिमाने शिझुओकाला पहिल्यांदाच मागे टाकलं. तेन्चा, म्हणजे जे दळून माच्चा ही हिरव्या चहाची पूड होते ते पान, त्याकडेही इथले मोठे मळेवाले झपाट्याने वळले.

पण नवख्याला ही आघाडी फसवते. पठारावर नफा यंत्रांचा आणि मोठ्या क्षेत्राचा असतो. दोन माणसं, थोडी शिल्लक आणि अर्धा हेक्टर एवढ्यावर तिथे तुम्ही भावात टिकणार नाही. माच्चाची मागणी ऐकून तेन्चाची स्वप्नंही पाहू नका: खुडणीआधी सुमारे तीन आठवडे मळा झाकायचा, आणि पान न वळता वाळवायला वेगळी भट्टी लागते.

माझा कल डोंगराकडे आहे, आणि त्याचं कारण नुसती माया नाही. पडीक मळ्यात बरीच वर्षं औषध मारलेलं नसतं. बहुवार्षिक पिकाला जपानचं सेंद्रिय प्रमाणपत्र हवं असेल तर निषिद्ध औषध-खताविना तीन वर्षं काढावी लागतात, ती इथे आधीच सरलेली असू शकतात. (शेजाऱ्याची फवारणी वाऱ्याने येत नाही ना, हे पाहून घ्या.) कीटकनाशकांचे कडक नियम असलेल्या युरोपात असा चहा विकायला सोपा जातो. मुळं धड असतील तर झुडूप बुडाजवळ छाटून पुन्हा फुटतं, एक-दोन हंगाम बुडतात. नवी रोपं लावली तर पहिल्या खुडणीलाच चार-पाच वर्षं.

आणखी एक गोष्ट. काकेगावा भागात चहाच्या ओळींत अंथरायला कुरणातलं गवत कापतात. या पद्धतीला 2013 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक कृषी वारशाचा दर्जा दिला. मळा सुटला की कुरण कापायचं थांबतं आणि त्यातली दुर्मीळ रानफुलंही जातात. ते वाचवावंसं मला मनापासून वाटतं.

तरीही जमीन बघायच्या आधी गावातला चहाच्या पानावर प्रक्रिया करणारा कारखाना बघा. खुडलेल्या पानाला त्याच दिवशी वाफारा द्यावा लागतो, नाहीतर ते आंबतं. मेच्या पहिल्या आठवड्यात, ऐन हंगामात जा. यंत्रं चालू आहेत का, ती कोण चालवतं, त्याच्यामागे कोण आहे, हे तिथेच विचारा. चालवणारा पंचाहत्तरीचा असेल, हाताखाली कुणी नसेल आणि दुसरा कारखाना तासाभराच्या अंतरावर असेल, तर मळा फुकट मिळाला तरी घेऊ नका, खोऱ्यातलं पुढचं गाव बघा.