घरातलं खड्ड्याचं टेबल : एक पावसाळा काढल्यानंतर

ठाण्यात, खड्ड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या घोडबंदर रोडवर राहून पैसे मोजून घरातही एक खड्डा करून घेतला, यावर आमच्या सोसायटीत पुरेसे विनोद होऊन गेलेत, त्यामुळे मी थेट टेबलावर येते. संक्रांतीच्या सुमारास टेबल घरात आलं आणि परवा दिवाळीचा फराळही त्यावरच झाला. बोर्ड गेमवाली मंडळी सारखी विचारतात, करून घ्यावं का? म्हणून हे सविस्तर.

मधला भाग खोलगट, त्यात खेळ मांडायचा. वर फळ्या टाकल्या की जेवणाचं टेबल. परदेशात अशी टेबलं तयार मिळतात, पण जहाजाचं भाडं आणि ड्युटी धरली की तो विषय तिथेच संपतो. आम्ही बाळकुमच्या बाजूला एक मिस्त्री गाठले. चित्र बघून ते म्हणाले, "वहिनी, जेवायच्या टेबलाला खड्डा कशाला?" मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, तेव्हा कुठे पेन्सिल कानामागून हातात आली.

बाहेरचं माप साडेपाच फूट बाय साडेतीन फूट, भोवतीचा काठ चार इंचांचा. म्हणजे खेळायला 58 बाय 34 इंच मोकळे मिळतात. काठ सागवानी, तळ आणि वरच्या चार फळ्या 19 मिलिमीटरच्या 710 ग्रेड, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायच्या, वरून सागाचं व्हेनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. फळ्यासुद्धा अखंड सागाच्या करा, असा माझा हट्ट होता. मिस्त्रींनी तो मोडून काढला ते बरं झालं. अखंड लाकूड पावसाळ्यात आडवं फुगतं. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे ते फारसं हलत नाही. पाय बोल्टचे, कारण जोडलेलं टेबल आमच्या लिफ्टमध्ये मावलंच नसतं.

आता मुद्द्याचं. हे टेबल खेळायला उपयोगी पडतं त्याहून जास्त खेळ अर्धवट सोडायला उपयोगी पडतं. आमच्याकडे ग्लूमहेवन हा लांबलचक बोर्ड गेम चालू आहे. 95 मोहिमा, पुठ्ठ्याचे राक्षस, पत्त्यांचे गठ्ठे. ऑफिसातून येऊन, जेवून बसायला साडेनऊ वाजतात. पूर्वी निम्मा वेळ मांडामांडीत जायचा आणि रंगात आलं की आवराआवर. आता अकराला फळ्या टाकायच्या आणि झोपायचं. सकाळी त्याच फळ्यांवर पोहे, आणि खाली गुहा जशीच्या तशी. शुक्रवारी तिथून पुढे.

म्हणूनच बजेट कमी असेल तर नक्षी, दिवे, ड्रॉवर सगळं सोडा आणि फळ्यांवर खर्च करा. आमचा सगळा त्रास फळ्यांचाच होता. पहिल्यांदा त्या नुसत्या शेजारी शेजारी टेकत होत्या. एका दुपारी सासूबाईंच्या हातून आमटीची वाटी कलंडली. वरचं मी लगेच पुसलं. पण दोन फळ्यांच्या सांध्यात एक पिवळी रेघ उरली होती. फळी उचलली, तर खाली नकाशाच्या तुकड्यावर हळदीचे तीन टपोरे थेंब. मिस्त्रींना बोलावून फळ्यांच्या कडांना खाच मारून घेतली, म्हणजे एक फळी दुसरीवर अर्धा इंच चढते. आता सांडलेलं थांबतं, निदान फडकं आणेपर्यंत तरी. हे काम पहिल्याच वेळी करून घ्या, नंतर पॉलिश पुन्हा मारावं लागतं. फळी टेकते तिथे फेल्टची पट्टीही लावा. नाहीतर फळी धपकन बसते आणि टेराफॉर्मिंग मार्स या खेळातले, उत्पादन दाखवणारे चकचकीत ठोकळे जागचे सरकतात. मग कोणाचं उत्पादन किती होतं, यावर कोर्ट बसतं.

जुलैत शेवटची फळी बसेना. प्लाय नाही फुगणार हे खरं, पण कडेची सागवानी पट्टी पॉलिशवाल्याने खालून कोरीच ठेवली होती, तिने पाणी ओढलं. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात, अर्धा सूत रंधा मारून सगळ्या बाजूंनी पॉलिश केलं. त्याच पावसात खड्ड्याच्या तळाला अंथरलेल्या निओप्रीनच्या मॅटखालून कुबट वास यायला लागला. ती रबरासारखी असते, खालची ओल वर येऊ देत नाही. तळाला ड्रिलने भोकं पाडली आणि आठवड्यातून एकदा मॅट उलटी टाकते. मॅट मात्र हवीच. फासे टाकले तरी आवाज होत नाही आणि पत्ता नखाशिवाय उचलता येतो. रंग गडद घ्या. हळद लाकडाच्या पॉलिशवरून निघते, फिक्या मॅटवरून नाही.

गुडघ्यांचं गणित कोणी सांगत नाही. उंची 30 इंच, त्यातून फळी, अडीच इंच खोली, तळाचा प्लाय आणि खालचा आधार वजा केला की जेमतेम 24 उरतात. खुर्चीची बैठक 18 इंचांवर. सरळ बसणाऱ्याला ठीक आहे. आमचे सासरे खुर्चीवर मांडी घालून जेवतात, त्यांचे गुडघे पहिल्या दिवसापासून तळाला टेकतात. ते आता सोफ्यावर जेवतात, आणि त्याबद्दल बोलतातही.

कॅरमचं सगळेच विचारतात. बोर्डाची खेळायची जागाच 29 इंच, शिवाय चौकट. खड्ड्यात तो कसाबसा बसला तरी काठ मनगटाला आडवा येतो. फळ्या टाकून वर ठेवायचा. पितळी कपहोल्डर मी हौसेने लावले, ते शीतपेयाच्या कॅनच्या मापाचे निघाले. कानवाला चहाचा कप त्यात जात नाही. सध्या त्यात फासे असतात.

आणि खेळताना फळ्या ठेवायच्या कुठे? प्रत्येकी चार-साडेचार किलोची फळी आहे, टू-बीएचकेमध्ये तिला जागा आधी ठरवा. आमच्या दिवाणामागे जातात. शेवटच्या फळीला बोट घालायला अर्धगोल खाच ठेवा, नाहीतर उचलायला सुरी लागते.

लाकूड, मजुरी, पॉलिश आणि टेम्पो धरून 70,000 च्या आसपास गेले, मॅट वेगळी. भाड्याच्या घरात असाल तरी हरकत नाही. मे महिन्यात रंगकाम निघालं तेव्हा नवऱ्याने पाना घेऊन तासाभरात पाय सोडवले आणि वरचा भाग भिंतीला उभा केला. फक्त बोल्ट कोणत्या पायाचा कोणता, ते खडूने लिहून ठेवा. मिस्त्रींनी भोकं हाताने पाडलेली असतात, अदलाबदल झाली की टेबल डुगडुगतं.