धूर पांढरा, निळा की काळा: गाडी जागेवर थांबवायची की चालवत गॅरेजला न्यायची?

पांढरा धूर म्हणजे पाणी, निळा म्हणजे ऑइल आणि काळा म्हणजे जास्तीचं इंधन, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण एकाच रंगामागे किरकोळ काम असू शकतं आणि अख्खं इंजिन उघडायची वेळही. ते ठरतं धूर कधी येतो, किती वेळ टिकतो आणि वास कसला येतो यावरून. घाईच्या हिशेबाने पाहिलं तर पांढरा सगळ्यात तातडीचा, निळा थोडा थांबू शकतो. दिसायला भीतीदायक असलेला काळा बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्तात सुटतो.

पांढरा

आधी खोटी भीती बाजूला काढू. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं, त्यामुळे थंडीत सकाळी सायलेन्सरमधून वाफ येणारच. ती हातभर जाऊन विरते आणि इंजिन तापलं की बंद होते. पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल, तो मागे रेंगाळत असेल आणि गोडसर वास असेल, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) जळतंय. बहुतेकदा हेड (इंजिनचा वरचा भाग) आणि ब्लॉक यांच्या मधलं पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट, गेलेलं असतं, क्वचित हेडला तडा असतो.

खात्री करायला थंड इंजिनवर कूलंटच्या बाटलीवर पेनाने खूण करा आणि दोन-तीन दिवस पातळी पाहा. गरम इंजिनवर झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं, ते थेट तोंडावर उडतं. गॅरेजमध्ये निळ्या द्रावणाची चाचणी होते: कूलंटवरची हवा त्यातून ओढतात, इंजिनचा वायू त्यात शिरला असेल तर रंग पिवळा होतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली म्हणून लगेच गॅस्केटवर खापर फोडू नका, रोज दोन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमटपणानेही धरते. डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइलही दुधाळ असेल तर मात्र गाडी सुरू न करता उचलून न्या. कूलंट सिलिंडरमध्ये साचलं तर ते दाबलं जात नाही आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो.

डिझेल गाडीचा पांढरा धूर वेगळा. डोळे चुरचुरत असतील आणि कच्च्या डिझेलचा वास असेल, तर हीटर प्लग, इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग) किंवा फवारण्याचं टायमिंग बघायचं. कूलंटचा तिथे संबंध नसतो.

निळा

खरी गफलत इथे होते. निळा धूर दिसला की 'रिंगा गेल्या' (पिस्टनभोवतीच्या कड्या झिजल्या) असा निकाल लावून इंजिन उघडलं जातं, आणि दोष निघतो व्हॉल्व्ह सीलमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल आत झिरपू न देणाऱ्या छोट्या टोपीत. दोन्हींत खर्चाचा फरक मोठा आहे. सील बदलायला बऱ्याच इंजिनांत हेडही काढावं लागत नाही, प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह जागेवर धरून ठेवतात. रिंगांसाठी हेड आणि खालचा ऑइल सम्प (ऑइलची टाकी) दोन्ही उतरवावे लागतात.

सील गेलं असेल तर रात्रभर उभ्या गाडीला सेल्फ मारताच निळा भपका येतो आणि थोड्या वेळात थांबतो. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर सोडा आणि खाली आल्यावर दाबा: भपका आला तर बहुधा सीलच. रिंगा झिजल्या असतील तर धूर चढावर, लोड आला की वाढतो आणि सुटत नाही. ऑइलचं झाकण काढलं की आतून फुसफुस वारा येतो. पेट्रोल इंजिनात पक्का निकाल कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणं) देते. कमी रीडिंगच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. रीडिंग चढलं तर रिंगा, जैसे थे राहिलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारच्या दोन सिलिंडरचं रीडिंग एकदम पडलेलं असेल तर मधलं गॅस्केट फुटलंय.

या सगळ्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातले वायू परत आत ओढू देणारा) आणि डिपस्टिक बघा. हा व्हॉल्व्ह चोंदला किंवा ऑइल खुणेच्या वर भरलं तरी गाडी ऑइल खाते. जाडं ऑइल घालून धूर दाबणं हा विकणाऱ्याचा उपाय, चालवणाऱ्याचा नव्हे. हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपेक्षा कमी ऑइल लागत असेल तर पातळी राखून काही महिने काढता येतात. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असलेल्या डिझेलमध्ये मात्र वाट पाहू नका: टर्बोचं सील फुटलं की इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक दाबून, वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून ती बंद पाडावी लागते.

काळा

एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. चोंदलेला असेल तर आधी तोच बदला. मग गळका इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सर, टेंपरेचर सेन्सर. टर्बो डिझेलमध्ये पिकअप गेला असेल आणि सूं आवाज येत असेल, तर टर्बोचा होज फाटलाय का बघा. पेट्रोल गाडी अशीच चालवत राहिलात तर जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि सायलेन्सरच्या वाटेत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर दोष काढून ऑइलही बदला. डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेलमधून काळा धूर निघतोय याचा अर्थ तो फिल्टर फुटलाय किंवा काढून टाकलाय.

जुनी गाडी बघायला गेलात तर आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर पुन्हा सकाळी या, कारण सीलचा भपका थंड इंजिनच्या पहिल्या सेल्फला सगळ्यात स्पष्ट दिसतो.