लेक्चर मोबाइलवर, कॉलेजात नुसती लॅब : बायोटेकच्या बदललेल्या कोर्सचा रिव्ह्यू

मॉलिक्युलर बायोलॉजीचा पेपर बदलला, आता लेक्चर घरी व्हिडिओवर बघून यायचं आणि कॉलेजचा सगळा वेळ लॅबला, हे ऐकलं तेव्हा मला वाटलं सरांनाच शिकवायचा कंटाळा आला असणार. सेमिस्टर संपलं, आता मत बदललंय.

याआधी आमचं प्रॅक्टिकल म्हणजे सर पीसीआर (डीएनएच्या असंख्य कॉपी करायची पद्धत) लावणार, आम्ही मागून माना उंच करून बघणार आणि जर्नलमध्ये सीनियरच्या वहीतले बँड (जेलवर दिसणारे डीएनएचे पट्टे) उतरवणार. पीसीआरच्या स्टेप, ९५ डिग्रीला डीनेचर, मग अ‍ॅनीलिंग, ७२ ला एक्स्टेन्शन, हे झोपेतही म्हणून दाखवलं असतं पण मायक्रोपिपेट (थेंबाहून कमी द्रव मोजून उचलायचं साधन) हातात आली तेव्हा कळलं की बटणाला दोन स्टॉप असतात, उचलताना पहिल्यापर्यंतच दाबायचं आणि सोडताना दुसऱ्यापर्यंत. मी उचलतानाच खालपर्यंत दाबत होते, म्हणजे दर वेळी जास्तच.

व्हर्च्युअल लॅब बरी आहे, स्टेप डोक्यात बसतात. पण तिथे जेल टँकच्या (जेलमधून करंट सोडून डीएनएचे तुकडे वेगळे करतात ती टाकी) वायरी उलट्या लागतच नाहीत ना! आम्ही खऱ्या लॅबमध्ये लावल्या. डीएनए निगेटिव्ह, तो प्लसकडे पळतो, हे क्विझमध्ये बरोबर टिक केलं होतं आणि तरी वेल्स (जेलमधले सॅम्पल भरायचे खड्डे) प्लसच्या बाजूला, सगळं सॅम्पल मागच्या मागे बफरमध्ये, म्हणजे टँकमधल्या द्रवात गेलं. मॅडम ओरडल्या नाहीत, फक्त विचारलं की पाच मिनिटांनी डाय (सॅम्पलमध्ये मिसळलेला रंग) कुठल्या दिशेने चाललाय ते कोणी बघितलं का. कोणीच नव्हतं बघितलं. जेल परत ओतायला लावलं, आणि ही परत करायची मुभा हीच या कोर्सची सगळ्यात भारी गोष्ट, कारण जुन्या टाइमटेबलात दोन तास संपले की विषय संपला.

वैतागही आहे. व्हिडिओ ४०-४० मिनिटांचे, अर्धे लोक पुढे ढकलून अंदाजाने क्विझ देतात आणि पास होतात. वर शेवटची परीक्षा तीच जुनी, पीसीआरची आकृती काढा. जेल का फसलं याला मार्क शून्य.

चार स्टार. घेणार असाल तर पहिल्या आठवड्यातलं पिपेटिंग बुडवू नका, काट्यावर १०० मायक्रोलिटर पाणी १०० मिलिग्रॅम भरतंय का तेवढंच बघायचं असतं. मी बुडवलं होतं.