मॉडेल गाडीचं पोट मळवायला पावडर घ्यावी की ऑइल कलर?

गाडी १/२४ ची, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाची, बांधून झालीय, बॉडीचं काम आटपलंय, आता खालचं चेसिस खरं वाटेल इतपत मळवायचंय आणि पैसे एकाच गोष्टीवर घालायचेत. मग पिगमेंट पावडरच्या डब्या मागवाव्या का चित्रकलेच्या दुकानातून ऑइल कलरच्या ट्यूबा आणाव्या? मावसभावानं हेच विचारलं म्हणून त्याला सांगता सांगता लिहूनच काढलं. मी दोन्ही वापरलंय, एक टामिया कंपनीच्या १९६६ च्या बीटलवर आणि एक हासेगावा कंपनीच्या जिम्नी जेए११ वर, आणि नंतर त्याच जिम्नीचं अर्धं चेसिस धुऊन दुसऱ्या पद्धतीनं परत केलंय, त्यामुळे शेजारी शेजारी बघायला मिळालं. जिम्नी म्हणजे आपल्या जिप्सीची भावकीच, खाली शिडीसारखी फ्रेम, पुढेमागे पाटे म्हणजे लीफ स्प्रिंग, दोन्ही ॲक्सलना हाउसिंग, मळवायला याच्याहून चांगली गाडी नाही.

तिसरा पर्याय ॲक्रिलिक वॉश, म्हणजे पाण्यानं अगदी पातळ केलेला रंग, त्याचं आधीच सांगून टाकतो म्हणजे विषय संपेल. बाकी ऋतूत चालतो, वास नाही, ब्रश पाण्यानं धुता येतो, सगळं खरं. पण नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर पारा असताना हा वॉश लावून ब्रश खाली ठेवेपर्यंत वाळलेला असतो आणि कडेनं पाणी वाळल्यासारखी गोल रेघ सोडतो, ती मग निघता निघत नाही. थंडीत करणार असाल तर बघा, मी नाही करत.

आता पावडर. पावडरला मी वाईट म्हणणार नाही, कोरडी धूळ आणि वाळलेला चिखल तिच्याइतका खरा दुसऱ्या कशानंच दिसत नाही. ऑइल कलर कितीही पातळ केला तरी तो रंगच दिसतो, पावडर ही मातीच दिसते कारण ती जवळजवळ मातीच असते. मडगार्डच्या आतल्या बाजूला, टायरच्या मागे, पाटे फ्रेमला जोडणाऱ्या शॅकलपाशी जी राखाडी खरड साचते ती ब्रशनं नुसती टेकवली की झालं, पाच मिनिटांचं काम. आपल्याकडची काळी माती ओली असताना काळी आणि वाळली की चक्क राखाडी दिसते, काटोलकडून पांदण रस्त्यानं आलेली कुठलीही गाडी बघा. तो राखाडी आणि मुरमाच्या रस्त्याचा पिवळट तपकिरी असे दोनच शेड मिसळले तरी गाडी विदर्भातली वाटायला लागते. चुकलं तर कोरड्या ब्रशनं झटकून परत सुरू. नवीन माणसाला पावडर सोपी पडते हे मला मान्यच आहे.

पण एक गोष्ट आहे जी मला पावडरच्या डबीवर कुठे लिहिलेली दिसली नाही आणि तिनंच माझा निकाल लावला. ही पावडर लोकप्रिय केली ती रणगाड्यांची मॉडेल करणाऱ्यांनी, आणि रणगाड्यावर धूळ वरून पडून आडव्या पत्र्यावर बसते, मॉडेलवर पण तशीच बसून राहते, कारण रणगाडा कोणी उलटा करत नाही. गाडीचं चेसिस आपण टेबलावर उलटं ठेवून मळवतो. उलटं असताना सगळं झकास दिसतं, हाउसिंगवर धूळ, फ्रेमच्या कोपऱ्यात माती, आणि मग आपण गाडी चाकांवर उभी करतो, तेव्हा जे आतापर्यंत वर होतं ते खाली लोंबायला लागतं आणि धूळ पडते. सगळी नाही पडत, पण नेमकी जाड लावलेली, म्हणजे जीव ओतून लावलेली तीच पडते. माझ्या जिम्नीखाली पांढऱ्या शेल्फवर दुसऱ्या दिवशी चार चाकांच्या मधे गाडीचा नकाशा उमटल्यासारखी माती होती.

त्यावरचा उपाय म्हणजे फिक्सर, पावडर जागेवर चिकटवून ठेवणारं द्रव. फिक्सर मी तीन वेळा केला. पहिल्यांदा ब्रशनं, तर पावडर ब्रशबरोबर सरकून कोपऱ्यात गोळा झाली. दुसऱ्यांदा ड्रॉपरनं थेंब सोडून, जसं करायला पाहिजे तसं, तर बसली छान पण रंग बदलला, राखाडी धूळ गडद होऊन तिचा ओला चिखल झाला आणि वाळल्यावर पण पूर्ण परत फिकी झाली नाही. तिसऱ्यांदा वरून मॅट क्लिअरचा, म्हणजे बिनचमकीच्या पारदर्शक रंगाचा स्प्रे मारला तर अर्धी धूळ गायबच. म्हणजे लावताना अंदाजानं दोन शेड फिकी आणि दुप्पट जाड लावायची, मग फिक्स करायची, मग जे उरेल ते आपलं. सवयीनं जमतं म्हणतात, जमतही असेल, माझा हात तिथवर पोचला नाही.

आणि फिक्स नाही केली तर हात लागतो. चेसिसवर काम केलंय म्हटल्यावर घरी येणारा प्रत्येक माणूस गाडी उचलतोच, उचलणार नाही तर काय, ते दाखवायसाठीच तर केलंय. आमचे एक काका आयुष्यभर गाड्यांखाली झोपून काम केलेले, त्यांनी जिम्नी हातात घेतली, उलटी केली, चष्मा कपाळावर चढवून पाच मिनिटं नुसतं बघितलं आणि म्हणाले, "पाटे बरोबर केले रे, क्रॉस पण केला." क्रॉस म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या शाफ्टचा सांधा, माझ्यासाठी याच्यापेक्षा मोठी पावती नाही. पण त्यांनी गाडी ठेवली तेव्हा फुटबोर्डाखालच्या धुळीत त्यांच्या अंगठ्याचा ठसा होता, अगदी रेषा मोजता येतील असा, आणि थोडी माती बॉडीच्या पांढऱ्या दारावर. काकांना काय म्हणणार. त्या रात्री अर्धं चेसिस साबणाच्या पाण्यानं धुतलं.

कूलरचंही सांगायला पाहिजे. मार्च संपला की आपल्याकडे कूलरशिवाय खोलीत बसता येत नाही, आणि कूलरच्या झोतात पावडरची डबी उघडणं म्हणजे ती खोलीभर वाटणं. कूलर बंद केला तर कपाळाचा घाम चेसिसवर टपकतो. शिवाय ती बारीक धूळ नाकात जाऊ नये, मास्क लावायला पाहिजे, आणि बंद खोलीत मास्क लावून मे महिन्यात काम करायचं म्हणजे कठीण आहे बाप्पा.

ऑइल कलरकडे मी आलो ते खरं तर गॅरेजमधून. हिंगणा रोडला ओळखीच्या गॅरेजमध्ये एक जुनी जिप्सी लिफ्टवर चढवलेली होती आणि मी तिच्याखाली अर्धा तास मान वर करून उभा होतो. तोपर्यंत माझ्या डोक्यात होतं की गाडीच्या खाली धूळ असते. नसते. म्हणजे असते, पण नुसती धूळ कुठेच टिकत नाही, ती चिकटते ती तेलावर आणि ग्रीसवर. चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल असतं त्या भागाच्या, नटापासून तेलाची ओल मागे गिअरबॉक्सवर ओढलेली आणि त्यावर माती बसून तिचं काळपट चामडं झालेलं, हाउसिंगच्या पोटावर तसंच, क्रॉसच्या भोवती ग्रीस उडून फ्लोअरवर तुटक पट्टा. जिथे तेल नाही तिथला पत्रा त्या मानानं स्वच्छ, नुसता फिका पडलेला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ओघळ खाली नव्हते, मागे होते. बॉडीवर पाणी वरून खाली ओघळतं म्हणून आपण हाताच्या सवयीनं तसेच ओघळ काढतो, पण पोटाखाली वाऱ्याचा जोर चालतो, तेल समोरून मागे पळतं. माझ्या बीटलवर मी हे चुकवलंय, तिथे इंजिन मागे असताना तेलाचे डाग पार पुढच्या ॲक्सलपर्यंत नेलेत, आता बघवत नाही.

मग वाटलं की तेलात भिजलेली माती दाखवायची तर तेलातलाच रंग घ्यावा. ऑइल कलरच्या ट्यूबा सीताबर्डीला मिळतात, डब्यांसारखं मागवून वाट बघायची गरज नाही, आणि एक ट्यूब किती गाड्यांना पुरते ते मला अजून कळलेलं नाही कारण संपलेलीच नाही. रंग आधी पुठ्ठ्यावर काढून दोनतीन तास ठेवायचा, त्यातलं जवसाचं तेल पुठ्ठा पिऊन घेतो. सावजीच्या तर्रीवर तवंग असतो तसं ते तेल रंगात जास्तीचं असतं, ते राहिलं तर रंग चकचकीत वाळतो आणि महिनाभर वाळत नाही. मग बारीक ब्रशनं ठिपके द्यायचे, व्हाइट स्पिरिटमध्ये, म्हणजे ऑइल कलरच्या थिनरमध्ये, बुडवून जवळजवळ कोरडा पुसलेला चपटा ब्रश घ्यायचा आणि ठिपका समोरून मागे ओढायचा. नाही आवडलं तर तासाभरानं पण पुसता येतं. कूलर चालू ठेवून आरामात बसता येतं, फक्त झोत सरळ टेबलावर नको, नाही तर ओल्या रंगावर तूस बसतं.

वाळण्याबद्दल सगळे घाबरवतात, पण रंग कुठला यावर खूप आहे. बर्न्ट अंबर आणि रॉ अंबर लवकर वाळतात कारण अंबर मातीत मूळचंच मँगनीज असतं आणि मँगनीज तेलाला वाळवतं, तेच मँगनीज जे आपल्या मनसर-कांद्रीच्या खाणीतून निघतं. आयव्हरी ब्लॅक मात्र फार दिवस ओला राहतो, म्हणून मी काळा एकटा वापरतच नाही, काळपट पाहिजे तिथे अंबरमध्ये थोडा टाकतो. उन्हाळ्यात अंबर मला दोनेक दिवसांत हात लावण्यासारखा झालाय, जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभर धरून चाला.

ऑइलचे दोष पण आहेत, लपवत नाही. वास येतो, खिडकी उघडी पाहिजे, आणि आमच्याकडे व्हाइट स्पिरिटची बाटली स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडेही चालत नाही. खालचा रंग आधी क्लिअर मारून झाकलेला पाहिजे, मी टामियाचा एक्स-३५ सेमीग्लॉस मारतो, अगदी मॅटवर ठिपका ओढला तर डाग पडतो. आणि थिनर उघड्या प्लास्टिकवर साचू द्यायचा नाही, विशेषतः जिथे भाग ताणून चिकटवलाय तिथे. बीटलच्या पुढच्या ॲक्सलला मी थिनर भरपूर सोडला होता आणि जोर देऊन बसवलेला भाग सकाळी तडकलेला होता. पावडरनं असलं काही होत नाही. कोरडी धूळ ऑइलनं पावडरसारखी दिसत नाही हे वर म्हटलंच, ते अजूनही तसंच आहे.

एक गोष्ट दोन्हीला लागू आहे. चेसिसला आधी शुद्ध मॅट ब्लॅक मारू नका, त्यावर काहीही लावा, खेळणंच दिसतं. मी टामियाचाच एक्स-एफ-८५ रबर ब्लॅक नाही तर एक्स-एफ-६३ जर्मन ग्रे मारतो आणि कडेनं बॉडीच्या रंगाची हलकी फवार येऊ देतो, जुन्या गाड्यांना ती असतेच. सायलेन्सर वेगळा करायचा, इंजिनाजवळ गरम होऊन पिवळसर-निळसर झाक आणि मागच्या डब्याला बर्न्ट सिएनाचा गंज.

तर कोणासाठी काय? गाडी काचेच्या पेटीत, खाली आरसा ठेवून, कोणी हात लावणार नाही अशी ठेवायची असेल तर पावडरच घ्या, आरशात ती फार सुंदर दिसते, फक्त गाडी उलटी करून लावलेली जाड माती आधी टिचकी मारून पाडून बघा. रॅलीची चिखलात लोळलेली गाडी असेल तरी पावडर लागेलच. पण रस्त्यावर चाललेली, तेल गळणारी, कोणाच्या तरी रोजच्या वापरातली गाडी असेल आणि घरात काकांसारखी माणसं असतील तर मला वाटतं ऑइल कलर घ्यावेत, निदान मी असतो तर घेतले असते, घेतलेच.

आणि सध्या मी जे करतो ते सांगतो. ऑइलचा ठिपका ओढून झाला, अजून ओला आहे, तेव्हाच ब्रशच्या टोकावर चिमूटभर राखाडी पावडर घेऊन फक्त चेंबरवर आणि हाउसिंगच्या पोटावर टेकवतो. ओलं ऑइल तिला धरून ठेवतं, रंग थोडा गडद होतो पण तिथे तो गडदच पाहिजे असतो. वाळल्यावर गाडी उलटीसुलटी करा, अंगठा लावा, जागची हलत नाही. जिम्नीचा धुतलेला अर्धा भाग असाच केलाय. काका दिवाळीत आले होते, परत उचलली, परत उलटी केली, आणि या वेळी हात स्वच्छच राहिले.

सुरुवातीला चार ट्यूबा घ्या, बर्न्ट अंबर, रॉ अंबर, बर्न्ट सिएना आणि आयव्हरी ब्लॅक, सगळ्यात लहान आकाराच्या. पावडर हवीच असेल तर एकच डबी, फिकट राखाडी. तपकिरी घेऊ नका, ते काम अंबर करतो.