ऑल सीझन, समर की विंटर? तिन्ही टायर वापरून झाल्यावरचं माझं मत

आधी निकाल सांगते, मग कारणं. माझ्या गाडीला सध्या ऑल सीझन टायर आहेत, त्याआधी बरीच वर्षं समर आणि विंटर असे दोन सेट आलटून पालटून वापरलेत. ज्यांच्याकडे थंडी चांगली पडते पण बर्फ क्वचितच, आणि पडला तरी एकदोन दिवसांत रस्ता मोकळा होतो, त्यांना मी डोळे झाकून ऑल सीझन घ्या म्हणेन, फक्त त्यावर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलं पाहिजे (त्याबद्दल खाली लिहिलंय, ते सोडू नका). रस्त्यावर महिनोन्महिने बर्फ साचून राहत असेल तर विंटरच. आणि थंडी कधी एक आकडी तापमानापर्यंत जातच नसेल तर समर लावा आणि निवांत राहा.

आता रबराचं बघू, कारण सगळा खेळ तिथेच आहे. समर टायरचं रबर उन्हात टिकावं म्हणून बनवलेलं असतं, ते थंडीत कडक होत जातं. जुनं वाळलेलं खोडरबर कागदावर नुसतं घसरतं ना, तसंच. विंटरच्या रबरात सिलिका जास्त असते आणि मिश्रणच असं असतं की ते गारठ्यातही लवचिक राहतं. सगळीकडे 7 अंशांचा आकडा सांगतात, म्हणजे त्याच्या खाली गेलं की समर नको, तो लक्षात ठेवायला चांगलाय, पण 7 वर काही बटण दाबलं जात नाही हो. कोरड्या रस्त्यावर 5 अंशांनाही चांगला समर टायर व्यवस्थित थांबतो. फरक पडायला लागतो तो ओल्या थंड रस्त्यावर, आणि बर्फ पडला की विषयच संपतो. 50 च्या स्पीडला बर्फावर ब्रेक मारला तर समर टायरवाली गाडी विंटरवालीच्या जवळपास दुप्पट अंतर घेते. समोर कुणी चालत असेल तर हे दुप्पट म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट नक्षीची, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावरच्या खाचा आणि ठोकळ्यांची. टायरवाल्याकडे गेलात की विंटर टायरच्या ठोकळ्यावर अंगठ्याने जोरात दाबून बघा, त्यावरच्या बारीक नागमोडी चिरा उघडताना दिसतील. त्यांना साइप म्हणतात. चालताना प्रत्येक चीर उघडते, बर्फ आत पकडते आणि ती धार रस्त्याला चावते. ताज्या बर्फात थोडं चालवून खाली उतरून टायर बघितला तर खाचा पांढऱ्याफटक भरलेल्या असतात, आणि ते चांगलं लक्षण आहे, कारण बर्फाला बर्फच सगळ्यात चांगला धरतो. समर टायरला अशा चिरा जवळजवळ नसतात, त्याच्या लांब सरळ खाचा पाणी बाहेर फेकायला असतात, आणि ते काम तो झकास करतो. म्हणूनच उन्हाळ्याच्या मुसळधार पावसात हायवेला मला आजही समर टायर सगळ्यात भरवशाचा वाटतो.

मग ऑल सीझन कुठे बसतो? मधेच. हा प्रकार नवा नाही, गुडइयरने टिएम्पो नावाचा ऑल सीझन 1977 मध्येच आणला होता. पण जुने ऑल सीझन बर्फात फारसे कामाचे नव्हते, म्हणून 'ना धड उन्हाळा ना धड हिवाळा' अशी त्यांची ख्याती झाली आणि बरेच जण अजून तेच धरून बसलेत. 2015 ला मिशेलिनचा क्रॉसक्लायमेट आला, मुळात समरचा पण बर्फाची परीक्षा पास झालेला, त्याच्यानंतर सगळ्याच मोठ्या कंपन्या या प्रकाराच्या मागे लागल्या. आताचे चांगले ऑल सीझन बघाल तर बाणासारखी व्ही आकाराची नक्षी असते, मधे पाणी काढायची वाट आणि ठोकळ्यांवर साइप.

वापरताना काय वाटतं ते सांगते. थंड ओल्या रस्त्यावर एकदम निर्धास्त. पातळ बर्फात चढावर गाडी न घसरता निघते, ब्रेकही लागतो, फक्त विंटरपेक्षा जरा आधी दाबायची सवय ठेवायची. उन्हाळ्यात मात्र फरक कळतो, म्हणजे वळणावर स्टिअरिंग फिरवलं की गाडी वळायला किंचित वेळ घेते, ठोकळे मऊ असल्यामुळे आधी ते वाकतात आणि मग गाडी वळते. तापलेल्या कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला तर चांगल्या समरपेक्षा काही मीटर पुढे जाऊन थांबते. हायवेला आवाज थोडा जास्त. रोजच्या ऑफिस, शाळा, बाजार अशा चालवण्यात यातलं काही त्रास देत नाही, पण तुम्ही जोरात चालवणारे असाल किंवा गाडी ताकदीची आणि वजनदार असेल तर तुम्हाला हे नक्की खटकेल.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. ऑल सीझन काचेसारख्या बर्फावर, म्हणजे रस्त्यावरचं पाणी गोठून जो चकचकीत थर होतो त्यावर, चालत नाही. तिथे साधा विंटरही अडखळतो. विंटरमध्येसुद्धा दोन जाती आहेत हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, एक सौम्य हिवाळ्याची, जी ओल्या रस्त्यावर आणि हायवेच्या स्पीडला चांगली, आणि दुसरी नॉर्डिक, फार मऊ, कायम गोठलेल्या रस्त्यांसाठी, हवे तर खिळेवालीसुद्धा मिळते. फिनलंडच्या नोकियनने हाक्कापेलित्ता 1936 पासून बनवलाय, तो या दुसऱ्या जातीतला. ऑनलाइन बघून भारी नाव म्हणून नॉर्डिक मागवला आणि तुमचे रस्ते नुसतेच ओले असतात, तर तो ओल्यात आणि गरमीत मऊ पडतो, पैसे वाया.

आता चिन्हांचं. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, एम प्लस एस (M+S) लिहिलेलं असतं, चिखल आणि बर्फ असा त्याचा अर्थ. ते फक्त नक्षीच्या आकारावरून लागतं, कंपनी स्वतःच लावते, बर्फावर चाचणी करावी लागत नाही. भरवसा ठेवायचा तो तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण या चिन्हावर, 1999 पासून अमेरिकेत सुरू झालेलं, त्यासाठी बर्फावर ठरावीक पकड सिद्ध करावी लागते. जर्मनीत तर 1 ऑक्टोबर 2024 पासून नुसता एम प्लस एस हिवाळी टायर म्हणून चालतच नाही, डोंगराचं चिन्ह लागतंच. फक्त हेही लक्षात ठेवा की ती चाचणी दाबलेल्या बर्फावरची आहे, काचेसारख्या बर्फावरची नाही. कॅनडाच्या क्युबेकमध्ये 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत, ऑस्ट्रियात हिवाळी टायरच्या नक्षीची खोली किमान 4 मिमी मागतात, त्यामुळे दुसऱ्या देशात गाडी घेऊन जाणार असाल तर तिथला नियम आधी बघून घ्या.

'माझी फोर व्हील ड्राइव्ह आहे, मला काय गरज' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! अहो ती गाडी निघायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक लागतात ते सगळ्याच गाड्यांना सारखेच, टायरच्या पकडीएवढेच, आणि एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सुद्धा नसलेली पकड कुठून आणणार. मला तर अशा गाड्यांचीच जास्त काळजी वाटते कारण त्या बर्फात सहज स्पीड घेतात.

दोन सेट की एक, याचा हिशोब लोक नुसता खरेदीच्या रकमेवर करतात तिथे गडबड होते. दोन सेट असले तर प्रत्येक अर्धंच वर्ष झिजतो, म्हणजे भरपूर फिरणाऱ्याला शेवटी फार जास्त पडत नाही, बदलण्याची मजुरी आणि ठेवायला जागा एवढंच वर. पण वर्षाला कमी चालवणाऱ्याचे टायर झिजायच्या आधीच म्हातारे होतात. रबर पडून पडून कडक होतं, बारीक तडे दिसायला लागतात, मग 5 मिमी नक्षी शिल्लक असली तरी उपयोग काय. अशा माणसाला एकच ऑल सीझन सेट, संपेपर्यंत वापरायचा आणि नवा घ्यायचा, हेच शहाणपणाचं. (वय बघायला साइडवॉलवर डीओटी (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा, 2323 म्हणजे 2023 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दुकानात नवा म्हणून देतात तेव्हाही बघा.)

दोनच टायर बदलून पुढे विंटर मागे समर असं कृपा करून करू नका. पुढचे धरतात, मागचे सुटतात आणि वळणावर गाडी गोल फिरते, चारही सारखेच हवेत. आणि विंटरची नक्षी 4 मिमीच्या खाली गेली की बऱ्याच देशांत कायदा 1.6 मिमीपर्यंत चालवू देत असला तरी बर्फात त्याची पकड बरीच गेलेली असते, मी तेव्हाच बदलते. थंडी सुरू झाली की हवा तपासा, तापमान 10 अंश उतरलं की हवा साधारण 2 पीएसआय कमी होते, टायर कोणतेही असोत.

माझं पुढचं काय ते पण सांगून टाकते. आता फिरणं वाढलंय आणि हिवाळ्यात डोंगरातल्या रस्त्याने नियमित जावं लागतंय, त्यामुळे हे ऑल सीझन झिजले की पुन्हा दोन सेट घेणार, डोंगरासाठी सौम्य हिवाळ्याचे विंटर आणि उन्हाळ्याला समर. घरातली दुसरी छोटी गाडी गावातच फिरते, तिला ऑल सीझनच राहणार.