इथन ॲलनच्या मागावर एक दिवस: सहल चांगली, वेळेची वाटणी चुकलेली

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, बर्लिंग्टनहून निघणारी एका स्थानिक कंपनीची एक दिवसाची सहल आम्ही नुकतीच केली. सकाळी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातला सेनानी इथन ॲलन याचे घर आणि दुपारी टिकोंडेरोगाचा किल्ला, असा तिचा बेत असतो.

किल्ल्यावरचे अडीच तास सार्थकी लागतात. १० मे १७७५ च्या पहाटे ॲलन आणि त्याच्या बरोबरीचा अधिकारी बेनेडिक्ट अर्नोल्ड यांनी ८३ माणसांनिशी शॅम्प्लेन सरोवर ओलांडून हे ब्रिटिश ठाणे घेतले, आणि त्यात एकही जीव गेला नाही. पहारेकऱ्याने ॲलनवर बंदूक रोखून चाप ओढला होता, पण बार उडालाच नाही. हे कसे घडत असे, ते गाईडने जवळच्या नकली बंदुकीवर दाखवले: गारगोटी पोलादावर घासली, ठिणगी पडली, पण रंजक (बार पेटवणारी दारू) पेटली नाही, तर सारे तिथेच थांबते. मात्र किल्ला ताब्यात मागतानाचे ॲलनच्या तोंडचे प्रसिद्ध वाक्य त्याने नाटकी आवाजात म्हटले, तेव्हा ते ॲलनने स्वतःच १७७९ च्या आत्मकथनात नोंदवलेले आहे, एवढे तरी सांगायला हवे होते.

खरी तक्रार घराविषयी आहे. विनूस्की नदीकाठच्या त्या लहानशा लाकडी घराला जेमतेम चाळीस मिनिटे दिली जातात, आणि हा माणूस सैनिक का झाला याचे उत्तर तर तिथेच आहे. न्यू हॅम्पशायरचा गव्हर्नर बेनिंग वेंटवर्थ याच्या सनदांवर लोकांनी इथे जमिनी घेतल्या. १७६४ मध्ये राजाने हा मुलूख न्यूयॉर्कचा ठरवला, आणि १७७० मध्ये न्यूयॉर्कमधल्या ऑल्बनीच्या न्यायालयाने त्या सनदा पुराव्यातच घेतल्या नाहीत. जमिनी वाचवण्यासाठी उभी राहिलेली 'ग्रीन माउंटन बॉइज' ही टोळीच पुढे टिकोंडेरोगावर चालून गेली. ॲलनने भावांबरोबर याच नदीकाठी मोठी जमीनखरेदी केली होती, तेव्हा त्याचा लढा निव्वळ तत्त्वाचा नव्हता. (गंमत म्हणजे टिकोंडेरोगाचा किल्ला आज न्यूयॉर्क राज्यातच आहे.)

१७७५ च्या सप्टेंबरात माँट्रियलजवळ ब्रिटिशांच्या हाती सापडून १७७८ मध्ये सुटलेल्या ॲलनने नंतर क्वेबेकचा ब्रिटिश गव्हर्नर हॅल्डिमंड याच्याशीच व्हरमाँटसाठी बोलणी का केली, असे मी परतीच्या वाटेवर विचारले. गाईडने न कचरता उत्तर दिले, "जमीन." हे सकाळी त्या घराच्या ओसरीत बसून ऐकायला मिळाले असते, तर मी पाचपैकी पाच गुण दिले असते. सध्या साडेतीन.